चालू सर्व्हरवरून मायएसक्यूएलचा बॅकअप

प्रश्न: आमच्या डेटाबेसमध्ये दिवसरात्र नोंदी होत असतात, सेवा बंद न ठेवता मायएसक्यूएलडंपने (मायएसक्यूएल डेटाबेसची प्रत फाइलमध्ये काढणाऱ्या साधनाने) घेतलेला बॅकअप सुसंगत राहील का?

उत्तर १: सर्व टेबले इनोडीबी (ट्रान्झॅक्शन हाताळणारा साठवण-प्रकार) प्रकारची असतील, तर ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय द्यावा, त्यामुळे बॅकअप सुरू झाला त्या क्षणाची स्थिती मिळते आणि इतरांच्या नोंदी अडत नाहीत. तेवढ्या वेळात ‘आल्टर टेबल’ (टेबलाची रचना बदलणारी आज्ञा) मात्र चालवू नये.

उत्तर २: मायआयसॅम (ट्रान्झॅक्शन न हाताळणारा जुना साठवण-प्रकार) टेबलांना लॉकच हवा, म्हणजे बॅकअप होईपर्यंत त्यांतल्या नोंदी थांबवाव्या लागतात. शिवाय ‘रूटीन्स’ आणि ‘इव्हेंट्स’ हे पर्याय वेगळे द्यावे लागतात, अन्यथा स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेला कोड) आणि इव्हेंट (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामे) बॅकअपमध्ये येत नाहीत, आणि हे नेमके रिस्टोअर केल्यावरच कळते.

प्रश्नकर्ता: आणि ट्रिगर (नोंद बदलली की आपोआप चालणारा कोड)?

उत्तर २: ते आपोआप येतात. रिस्टोअर आधी वेगळ्या, रिकाम्या डेटाबेसवर करून पाहावे. नेहमीच्या सेटिंगमध्ये फाइलच्या शेवटी ‘डंप कम्प्लीटेड’ ही ओळ येते; ती नसेल, तर फाइल अर्धवट समजावी.