घरसभेत काम आणि चिकाटी यावर चार गुरुवार: कोणता शास्त्रभाग घ्यावा?

सांवेररोड_इंदूर
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. इंदूरला आमच्या मराठी घरसभेत पुढचे चार गुरुवार काम आणि चिकाटी हा विषय आहे. दहा-बारा जण येतात: कारखान्यांतले टर्नर-फिटर, दोन नर्स, शाळेतले एक शिपाईकाका. वेळ सात ते पावणेआठ, आणि बरेच जण शिफ्ट संपवून थेट येतात. बायबलमधल्या पौलाच्या पत्रातलं कलस्सै ३:२३ वाचून ‘प्रभूसाठी म्हणून काम करा’ एवढंच सांगितलं, तर ज्याचा ओव्हरटाइम थकलाय त्याच्या मनाला लागेल. कोणता भाग घ्यावा? पाऊण तास कसा वाटावा?

पाठशिक्षक
जुन्या करारातलं नहेम्या ३ ते ६ घ्या, दर गुरुवारी एक अध्याय. नहेम्या हा यहूदी सुभेदार यरुशलेमची पडलेली भिंत लोकांकडून पुन्हा बांधून घेतो, त्याची ती कथा. सुटी वचनं गोळा करू नका, अशानं प्रत्येक वचन घोषणेसारखं वाटायला लागतं.

तिसरा अध्याय नुसती नावं म्हणून लोक सोडून देतात. तोच सावकाश वाचा. सोनार भिंत बांधताहेत, अत्तर करणारे बांधताहेत, शल्लूमच्या मुली बांधताहेत. मल्कीया एका जिल्ह्याचा अधिकारी, पण त्याच्या वाट्याला उकिरड्याची वेस आली आणि त्यानं तिची दारं, अडसर बसवले. (शिपाईकाकांनाच हे वचन वाचायला द्या.) तकोवाच्या सरदारांनी कामाला मान दिली नाही, ३:५, त्याच गावच्या साध्या लोकांनी मात्र आपला भाग संपवून आणखी एक घेतला, ३:२७. आणि कित्येकांनी आपापल्या घरासमोरचाच तुकडा बांधला.

मग विचारा: तुमच्या घरासमोरचा तुकडा कोणता? ‘मी प्रामाणिक राहीन’ हे उत्तर घेऊ नका, ते तपासता येत नाही. टर्नरनं लिहावं: लॉट लावण्याआधी पहिला जॉब मायक्रोमीटरनं मोजेन. घाईत नेमकं हेच सुटतं आणि सगळा लॉट रिजेक्ट होतो. नर्सनं लिहावं: ड्यूटी सोडताना कोणतं औषध दिलं, कोणतं राहिलं, हे तोंडी सांगून थांबणार नाही, लिहूनही देईन. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. तीन लिहिल्या की एकही होत नाही.

चौथ्या अध्यायात लोक कधी थकले ते दाखवा. भिंत निम्म्या उंचीला आली तेव्हा. सुरुवातीचा हुरूप ओसरलेला, शेवट अजून दिसत नाही. कारणंही तिथंच दिलीत: ओझी वाहणाऱ्यांची ताकद संपली आणि राडारोडा फार झाला. वर शत्रूची भीती. नहेम्यानं धीर दिला, पण माणसंही नव्यानं लावली: निम्मे कामावर, निम्मे भाले घेऊन उभे. तेव्हा थकलेल्याला ‘विश्वास ठेव’ म्हणण्याआधी त्याच्या वाटेतला राडारोडा कोणता ते विचारा.

वेळ: गीत ५ मिनिटं, आळीपाळीनं वाचन १०, चर्चा २०, प्रार्थना १०. तुम्ही स्वतः बोलायचं ते चर्चेतच, आणि थोडं.

कलस्सै_वाचक
पाचवा अध्याय गाळू नका, तुमच्या ओव्हरटाइमवाल्या भावासाठी तोच आहे. भिंतीचं काम चालू असताना गरीब आक्रोश करतात: शेतं गहाण पडली, मुलंमुली गुलामीत गेली. नहेम्या त्यांना गप्प बसवत नाही. सभा भरवून सावकारांना शेतं आणि व्याज परत करायला लावतो. स्वतः सुभेदार असून त्यानं बारा वर्षं सुभेदाराचा भत्ता घेतला नाही.

कलस्सै ३:२३ घ्यायचंच असेल तर ३:२२ ते ४:१ सलग वाचा. ते आधी दासांना लिहिलंय, आणि ४:१ मध्ये धन्याला न्यायानं व समतेनं वागायची आज्ञा आहे. सोबत याकोब ५:४: अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते. म्हणून त्या भावाला दोन्ही सांगा. काम चोख करायचं. आणि जादा तासांची तारीखवार नोंद स्वतःच्या वहीत ठेवून मागणी लेखी करायची. तोंडी मागणी विसरली जाते.

सांवेररोड_इंदूर
फार उपयोगी. एक शंका आहे. सहाव्या अध्यायात भिंत ५२ दिवसांत पुरी होते. ज्याचं काम वर्षानुवर्षं पुढे सरकत नाही, त्याला हे परकं नाही का वाटणार?

पाठशिक्षक
वाटेल, म्हणून तो आकडा एकटा ठेवू नका. भिंतीचा विरोधक सनबल्लट यानं काम सोडून भेटायला ये म्हणून चार वेळा बोलावणं पाठवलं आणि नहेम्यानं चारही वेळा ‘मोठं काम चालू आहे, येऊ शकत नाही’ हेच उत्तर दिलं, यावर भर द्या. चिकाटी त्या चौथ्या उत्तरात दिसते. मग यिर्मया २९ जोडा, बाबेलात बंदी म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र. सगळे आशेचं अकरावं वचन पाठ करतात, पण दहाव्यात परतायला सत्तर वर्षं लिहिलीत, आणि पाच ते सातमध्ये घरं बांधा, बागा लावा, त्या नगराचं हित पाहा असं सांगितलंय.

उदाहरण हवं तर इंग्रज मिशनरी विल्यम केरी. १७९३ मध्ये भारतात आले, पहिल्या भारतीयाला बाप्तिस्मा दिला तो डिसेंबर १८०० मध्ये. मराठीचं व्याकरण १८०५ चं, कोश १८१० चा. मार्च १८१२ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरचा त्यांचा छापखाना जळाला, कागद आणि कित्येक हस्तलिखितं गेली. पण राखेत अक्षरांचे पोलादी ठसे शाबूत निघाले. वितळलेलं शिसं गोळा करून त्यांवरून नवे टाईप ओतले आणि छपाई पुन्हा सुरू केली.

शेवटच्या गुरुवारी पहिल्या दिवसाच्या चिठ्ठ्या उघडा. ज्याचा तुकडा राहिला त्याला नवा देऊ नका. तोच पुन्हा लिहू द्या, आणि तिसऱ्या अध्यायात ‘त्याच्या शेजारी’ हे शब्द जसे पुन्हा पुन्हा येतात, तसा एक माणूस त्याच्या शेजारी नेमून द्या.