शब्दचर्चा : ‘कॅरसिक्वेन्स’ला मराठीत काय म्हणावे?

पृच्छा

बडोद्यात दांडिया बाजारातील आमच्या घरी शनिवार-रविवार मी दहा-बारा मुलांना जावा ही संगणकाची भाषा शिकवते. मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात, परंतु घरी सर्वांची भाषा मराठी असल्यामुळे टिपणे मी मराठीत काढते. जावाच्या १.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २००२ पासून, तिच्यात ‘कॅरसिक्वेन्स’ नावाचा इंटरफेस आहे. मजकूर कोणत्याही प्रकारे साठवलेला असो, तो एकाच पद्धतीने वाचता यावा यासाठी केलेला हा करार आहे. लांबी किती हे ‘लेंग्थ’ सांगते, अमुक स्थानी काय आहे हे ‘कॅरॲट’ सांगते, मधला तुकडा ‘सबसिक्वेन्स’ काढून देते आणि ‘टूस्ट्रिंग’ सगळ्याची मिळून एक स्ट्रिंग, म्हणजे सलग मजकूर, करून देते. स्ट्रिंग, स्ट्रिंगबफर आणि स्ट्रिंगबिल्डर हे मजकूर साठवणारे तिन्ही वर्ग (क्लास) हा करार पाळतात.

टिपणात मी यासाठी ‘अक्षरमाला’ हा शब्द योजला होता. गेल्या रविवारी एका मुलाने हजेरीपटावरील नावांची आद्याक्षरे काढणारा प्रोग्रॅम लिहिला आणि ‘ज्ञानेश्वर’ या नावासमोर नुसता ‘ज’ उमटला. “ताई, शून्य या स्थानी पहिले अक्षर मिळते असे तुम्हीच लिहून दिले आहे, मग ‘ज्ञा’ का मिळाले नाही?” असे त्याने विचारले. त्याचा प्रोग्रॅम बरोबर होता, माझा शब्द चुकला होता. योग्य शब्द सुचवावा, ही विनंती.

पहिला प्रतिसाद

‘वर्णक्रम’ चालेल असे वाटते. व्याकरणात ‘ज्ञ’ हे जोडाक्षर असून ते ज् आणि ञ् या वर्णांपासून झाले आहे, त्यामुळे पहिला वर्ण ‘ज’ मिळाला यात वावगे काही नाही.

दुसरा प्रतिसाद

ताई, आपल्या गावाचेच नाव घेऊन मोजून पाहावे. ‘बडोदे’ या शब्दात अक्षरे तीन आहेत : ब, डो, दे. वर्ण सहा आहेत : ब्, अ, ड्, ओ, द्, ए. ‘लेंग्थ’ला विचारले तर ती पाच सांगते, कारण संगणकात ब, ड, ओकाराची खूण, द आणि एकाराची खूण अशी पाच चिन्हे ओळीने साठवलेली असतात. ‘ब’मधील अ उच्चारात असला तरी त्याला वेगळे घर नाही आणि ओकाराची खूण वेगळी उच्चारली जात नसली तरी तिला स्वतंत्र घर आहे. म्हणजे हे मोजमाप अक्षरांचे नाही आणि वर्णांचेही नाही, तर लिहिण्याच्या खुणांचे आहे. शिवाय कोशातील शब्द ज्या क्रमाने लावतात त्याला आपण वर्णक्रम, वर्णानुक्रम म्हणत आलो आहोत, तो अर्थ इथे ओढून आणणे मला पटत नाही.

‘माला’ हा शब्दही मी सोडून देईन, कारण वर्णमाला म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे अआइई येते. मराठी गणितात अशा ओळीने येणाऱ्या पदांना ‘क्रमिका’ म्हणतात. आपल्या मुलांच्या गुजराती पुस्तकात तीच ‘श्रेणी’ असते, परंतु मराठीत श्रेणी म्हटले की निकालपत्रावरचे अ, ब, क आठवते. तेव्हा ‘चिन्हक्रमिका’ असा शब्द करावा आणि पहिल्या दिवशी गुजराती श्रेणीची आठवण देऊन तो समजावावा. शेजारच्या भाषेचा आधार घेण्यात कमीपणा नाही. बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये ‘सयाजीशासनशब्दकल्पतरु’ काढला तेव्हा राज्यकारभाराच्या एकेका इंग्रजी शब्दासमोर मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, बंगाली, संस्कृत आणि फारसी असे शब्द मांडूनच तो सिद्ध केला होता.

तिसरा प्रतिसाद

‘चिन्हक्रमिका’ आवडला, परंतु एक अडचण नोंदवतो. माझा मोडी कागदपत्रांशी रोजचा संबंध आहे. मोडी लिपीला युनिकोडमध्ये, म्हणजे लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, २०१४ साली जागा मिळाली, ती देवनागरीसारखी सुरुवातीच्या ६५,५३६ स्थानांत नव्हे, तर त्यांच्या पलीकडे. जावातील ‘कॅर’, म्हणजे एक घर, सोळा बिटांचा असल्यामुळे आणि त्यात तेवढीच ६५,५३६ स्थाने मावत असल्यामुळे मोडीतील एकच ‘क’ दोन घरे व्यापतो आणि ‘कॅरॲट’ त्याचा अर्धाच भाग हाती देते, जो स्वतंत्रपणे काहीच नसतो. गायकवाडी दफ्तरातील एखादी ओळ मोडीतच टंकून तिची लांबी विचारली, तर उत्तर चिन्हांच्या संख्येहून मोठे येईल. म्हणून इंटरफेसला चिन्हक्रमिका म्हणावे, परंतु त्यातील एका घराला ‘चिन्ह’ न म्हणता ‘संकेतघटक’ (कोड युनिट) म्हणावे. पूर्ण चिन्हे हवी असतील त्यांच्यासाठी जावा ८ पासून याच इंटरफेसमध्ये ‘कोडपॉइंट्स’ आहे.

पृच्छकाचे उत्तर

काका, आपला मुद्दा मान्य आहे आणि दुसऱ्या प्रतिसादातील ‘बडोदे’ तर मी तसाच फळ्यावर लिहिणार आहे. त्यावरूनच आणखी एक चूक माझ्या लक्षात आली. टिपणात मी ‘सबसिक्वेन्स ० ते २ पर्यंतचा तुकडा देते’ असे लिहिले होते. मराठीत ‘दोनपर्यंत’ म्हटले की दोनही त्यात आला, परंतु इथे शेवटचे स्थान धरले जात नाही, म्हणून ‘बडोदे’चा ० ते २ हा तुकडा ‘बड’ असा निघतो आणि ओकार मागे राहतो. आता ‘०पासून २च्या आधीपर्यंत’ असे लिहीन.

टिपणात या इंटरफेसला लावलेला ‘वाचनीय’ हा शब्दही मी खोडला आहे. मराठीत वाचनीय म्हणजे वाचण्याजोगे, चांगले, आणि इथे सांगायचे आहे ते एवढेच की या करारातून मजकूर वाचता येतो, बदलता येत नाही. मात्र त्याला ‘अविकारी’ म्हणणेही चूक ठरेल, कारण मागे स्ट्रिंगबिल्डर असेल तर दुसरे कोणी त्यात भर घालू शकते आणि आपण वाचत असतानाच लांबी वाढू शकते. सुधारलेल्या टिपणातील वाक्य असे आहे : ‘चिन्हक्रमिका हा केवळ वाचनाचा करार आहे, तिच्या एकेका घरात एक संकेतघटक असतो आणि एक अक्षर अनेक घरांत पसरलेले असू शकते.’ ‘ज्ञानेश्वर’चे आद्याक्षर काढण्यासाठी ज, हलन्त, ञ आणि काना अशी चार घरे एकत्र घ्यावी लागतात, हे त्या मुलाने या रविवारी स्वतः बोटांवर मोजून दाखवले.