शिबपूरचा वड आणि आपले वड

मोठी झाडेच पाहायची तर नागपुरातली महाराजबाग पुरे आहे, त्यासाठी कोलकात्याजवळच्या हावड्यापर्यंत कशाला जायचे, हा काहींचा मुद्दा रविवारच्या फेरफटक्यापुरता मला मान्य आहे. हावड्यातील शिबपूरच्या वनस्पती उद्यानातील वड मात्र केवळ आकारासाठी पाहायचा नसतो. १८६४ आणि १८६७ च्या वादळांत सापडलेल्या त्याच्या मूळ खोडाला पुढे बुरशी लागली आणि १९२५ मध्ये ते काढून टाकावे लागले, तरीही हजारो पारंब्यांच्या आधाराने झाड आजही कडेकडेने पसरतच आहे. सावकाश चालल्यास कोवळ्या पारंब्या पोकळ बांबूंमधून जमिनीकडे उतरवलेल्या दिसतात. त्या मातीत रुजल्या की कालांतराने त्यांचेच खांब होतात. आपल्याकडे रस्त्याकडेच्या वडांच्या पारंब्या वाहनांना अडतात म्हणून सर्रास छाटल्या जातात, त्यामुळे वड म्हणजे एकच खोड असे आपण धरून चाललो आहोत, हे मला तिथे प्रकर्षाने जाणवले.

१७८७ मध्ये स्थापन झालेले हे उद्यान शंभर हेक्टरांहून मोठे आहे, त्यामुळे सकाळी लवकर आत शिरावे. विदर्भाचे कोरडे ऊन अंगवळणी पडलेल्या नागपूरकरालाही तिथला दमट उकाडा सोसवत नाही.