‘स्त्री राष्ट्राध्यक्ष चालेल का?’ हे सर्वेक्षणात विचारायचं कसं?

प्रश्न : नमुना_चारशे

राज्यशास्त्राच्या प्रकल्पासाठी सर्वेक्षण आखतो आहे : सर्वोच्च पदावर स्त्री किंवा अल्पसंख्याक व्यक्ती लोकांना चालेल का? गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेचे अमेरिकेतले २०२० चे आकडे असे आहेत. आपल्या पक्षाने लायक उमेदवार दिला तर कृष्णवर्णीयाला मत देऊ म्हणणारे ९६ टक्के, स्त्रीला ९३, मुस्लिमाला ६६, नास्तिकाला ६०. ९३ टक्के तयार असतील तर २०१६ आणि २०२४ मध्ये काय झालं? हाच प्रश्न मराठीत करून महाराष्ट्रात विचारला तर चालेल का? साधारण ४०० जणांपर्यंत पोचता येईल.

उत्तर : आडवा_प्रश्न

आधी २०१६ बाजूला काढा. हिलरी क्लिंटन यांना देशभरात ट्रम्पपेक्षा सुमारे २९ लाख मतं जास्त पडली. त्या हरल्या त्या निर्वाचक मंडळात (राज्यवार निवडलेले प्रतिनिधी, अध्यक्ष तेच ठरवतात), ३०४ विरुद्ध २२७. ‘लोक तयार नव्हते’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. २०२४ मध्ये मात्र कमला हॅरिस एकूण मतांतही दीडेक टक्क्याने मागे होत्या. अशा चुरशीत ‘हो’ न म्हणणारे ७ टक्के फार वाटतात, पण त्यातले बरेच जण त्या पक्षाला एरवीही मत देणारे नसतात.

आता प्रश्नाची घडण बघा. ‘तुमच्या पक्षाने’ म्हटलं की पक्षनिष्ठेची अडचण गेली, ‘लायक’ म्हटलं की पात्रतेची शंका गेली. उरतो तो फक्त उघड नकार, आणि तो अनोळखी माणसापुढे कोण देणार? १९३७ मध्ये हाच प्रश्न ‘बाकी सर्व बाबतीत पात्र असेल तर’ अशा शब्दांत विचारला होता, म्हणजे बाई असणं हीच उणीव धरून. तेव्हा ‘हो’ म्हणणारे ३३ टक्के होते. तेव्हापासूनची वाढ खरी आहेच, पण तिच्यातला काही भाग शब्दांचा आणि काही भिडेचा.

भिडेखातर दिलेली उत्तरं टाळायला यादीचा प्रयोग करतात. चिठ्ठ्या टाकून लोकांचे दोन गट करायचे. एका गटाला राग आणणाऱ्या चार गोष्टी वाचून दाखवायच्या (पेट्रोलचे वाढते भाव, खेळाडूंचं कोट्यवधींचं मानधन वगैरे), दुसऱ्याला त्याच चार आणि पाचवी ‘स्त्री राष्ट्राध्यक्ष होणं’. लोकांनी कोणत्या ते सांगायचं नाही, फक्त किती गोष्टींचा राग येतो तो आकडा सांगायचा. दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे पाचवीचा राग येणाऱ्यांचं प्रमाण. अमेरिकेत २००६ मध्ये ते सुमारे २६ टक्के आलं.

हे बिघडतं कुठे? चारही गोष्टी सगळ्यांनाच चिडवणाऱ्या निवडल्या तर ‘पाच’ म्हणताच माणूस उघडा पडतो, म्हणून तो ‘चार’ म्हणतो. त्यामुळे एकाच माणसाला सहसा दोन्ही पटणार नाहीत अशा गोष्टींची जोडी यादीत हवीच. दुसरी अडचण नमुन्याची. उत्तरांचं प्रमाण विचलन (सरासरीपासूनचा पसारा) १ धरलं तर २००–२०० च्या गटांत त्रुटी अधिक-उणे २० टक्क्यांच्या घरात जाते. २६ टक्के आले तरी खरा आकडा ६ की ४६ हे कळणार नाही. त्रुटी ९ वर आणायची तर २००० माणसं लागतील. ४०० मध्ये हा नाद सोडा.

उत्तर : टाचणी

वरच्या २६ टक्क्यांवर फार विसंबू नका. ‘राग येतो’ आणि ‘मत देणार नाही’ यांत अंतर आहे. भिडेचा मुद्दाही जुना होत चालला आहे. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात गव्हर्नरपदाचे कृष्णवर्णीय उमेदवार टॉम ब्रॅडली मतदानोत्तर चाचणीत पुढे असून हरले, तो दाखला सगळे देतात. पण राज्यशास्त्रज्ञ डॅनियल हॉपकिन्स यांनी १९८९ ते २००६ च्या निवडणुका तपासल्या तेव्हा नव्वदीच्या मध्यानंतर कृष्णवर्णीय उमेदवारांबाबत हा ‘चाचणीत पुढे, निकालात मागे’ परिणाम दिसेनासा झालेला आढळला. २००८ मध्ये ओबामांबाबतच्या चाचण्याही बऱ्यापैकी बरोबर निघाल्या.

४०० माणसांत जमेल तो जोडीचा प्रयोग. दोन काल्पनिक उमेदवार समोरासमोर ठेवायचे; लिंग, धर्म, वय, शिक्षण, अनुभव, पक्ष हे सगळं सोडतीने बदलत जायचं. प्रत्येकाला पाच जोड्या दाखवल्या की २००० निवडी मिळतात. (एकाच माणसाच्या पाच निवडी स्वतंत्र नसतात, आकडेमोडीत त्यांचा गट धरा.) अशा ६७ प्रयोगांचा एकत्र हिशेब केला तेव्हा स्त्री उमेदवार सरासरी २ टक्के गुणांनी *पुढे* निघाली होती. मग शंका वेगळीच उरते : मला चालेल, पण ‘लोक’ मत देणार नाहीत, म्हणून मीही देत नाही. तेव्हा ‘तुमच्या भागातल्या लोकांना चालेल का?’ हाही प्रश्न घाला.

मराठीत एक खास खाच आहे : आडनाव. ते दिलंत की जात दिलीत. ‘उमेदवार अ’, ‘उमेदवार ब’ एवढंच ठेवा. आणि पक्ष गाळू नका. गाळला तर लोक धर्मावरून पक्ष ताडतात आणि तुम्ही पक्षनिष्ठाच मोजत बसता.

उत्तर : सोडत

पद कोणतं ते आधी ठरवा. आपला राष्ट्रपती खासदार-आमदार निवडतात. २०२२ मध्ये मुर्मू ६,७६,८०३ मतमूल्याने जिंकल्या, त्यात महाराष्ट्राच्या एका आमदाराचं मूल्य १७५. यातून जनतेची तयारी कळत नाही, पक्षांची गणितं कळतात. २००७ मध्ये शिवसेनेने आघाडीची रेघ ओलांडून प्रतिभाताईंना मत दिलं ते मराठी म्हणून. ‘मुख्यमंत्री’ विचारा. महाराष्ट्रात आजवर एकही स्त्री नाही आणि मुस्लिम एकच, अंतुले (१९८०–८२). गोव्यात शशिकला काकोडकर १९७३ मध्येच झाल्या, तेही आधीचे मुख्यमंत्री बांदोडकर यांची कन्या म्हणून. घराण्याचा रकाना जोडीच्या प्रयोगात घालाच.

दुसरं, सरपंचपदाचं महिला आरक्षण चिठ्ठीने फिरतं. त्यामुळे आरक्षण येऊन गेलेली आणि न आलेली गावं यांची तुलना रास्त होते. पश्चिम बंगालमध्ये अशाच तुलनेत दिसलं की दोनदा आरक्षण येऊन गेलं की नंतर खुल्या जागेवरही बायका जास्त उभ्या राहतात आणि निवडून येतात. मात्र ‘कारभार कोण पाहायचं?’ हे वेगळं विचारा, नाहीतर लोक सरपंचबाईंच्या नवऱ्याला गुण देतील.

मुलाखत ओटीवर, चारचौघांत घेऊ नका. नमुना मतपत्रिका आणि बंद पेटी न्या, खूण त्यांनाच करू द्या. घरातल्या बाईंची मुलाखत बाईनेच घ्यावी, आणि कोणी कोणाची घेतली हे प्रत्येक फॉर्मवर लिहा.