झेडपी शाळेच्या स्लॅबवर सोलर: घ्यायचं की नको?

माणदेशी_पालक
माण तालुक्यातली आमच्या वाडीची जिल्हा परिषद शाळा. पहिली ते चौथी, पट ४३, खोल्या दोन. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. एक कंपनी सीएसआरमधून (कंपन्या समाजकामासाठी ठेवतात त्या पैशातून) ३ किलोवॉटचं सोलर फुकट बसवून देते म्हणतेय. शनिवारी समितीची बैठक आहे आणि गावात आत्ताच दोन तट पडलेत.

माझं मत: डोळे झाकून घ्यावं. बिल थकलं म्हणून गेल्या उन्हाळ्यात शाळेची वीज तोडली, ती जोडायला ऑगस्ट उजाडला. सरकारच्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाच्या लाटेत आम्हीही वर्गणी काढून टीव्ही घेतला होता. आता त्याच्यावर बाईंनी विणलेला रुमाल आहे, आणि रुमालावर धूळ. माणात पाऊस नसतो, पण उन्हाला काय तोटा? विरोध करणाऱ्यांनी कारण सांगावं.

निवृत्त_वायरमन
विरोध नाही, पण डोळे उघडे ठेवून घ्या. आधी विचारा, ऑन-ग्रिड, म्हणजे थेट विजेच्या लाईनला जोडलेलं आहे, की बॅटरीचं? फुकटवाले बहुतेक ऑन-ग्रिड देतात, ते स्वस्त पडतं. पण लाईन गेली की ऑन-ग्रिडचा इन्व्हर्टर मुद्दाम बंद पडतो. नाहीतर तुमच्या छपरावरची वीज उलटी तारेत शिरेल आणि खांबावर चढलेला आमचा माणूस जाईल. म्हणजे भर दुपारी ऊन रखरखतंय, वर पॅनल चकाकतंय आणि वर्गात पंखा बंद. हे लोकांना कुणी सांगत नाही. मग लोक म्हणतात, सोलर बोगस.

दुसरं म्हणजे हिशेब. दोन खोल्यांत चार ट्यूब, चार पंखे, एक टीव्ही, एक कॉम्प्युटर. सगळं एकदम चालू केलं तरी सहाशे-सातशे वॉट. शाळेचे पाच तास धरले तर दिवसाला तीन-साडेतीन युनिट, महिन्याला ८०-८५. आपल्याकडे १ किलोवॉट सोलर दिवसाला सरासरी ४ युनिट देतं. ३ किलोवॉट म्हणजे महिन्याला साडेतीनशेच्या वर. चौपट! कशासाठी? कंपनीला अहवालात फोटो मोठा दिसावा म्हणून?

आणि बिलात स्थिर आकार असतो, वीज वापरा न वापरा. तो सोलर लावलं तरी भरावाच लागतो. तो थकला तर वीज पुन्हा तुटणार, आणि तुमचं ऑन-ग्रिड सोलर तिच्याबरोबर बंद.

माणदेशी_पालक
काका, हे शेवटचं खरंच माहीत नव्हतं. मला वाटलं बिल शून्य.

सुगरण_पण_इंजिनियर
पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० अनुदान मिळतं ना? मग कंपनीची मनधरणी कशाला?

निवृत्त_वायरमन
ते घरगुती ग्राहकांना, ताई. शाळेचं मीटर सार्वजनिक सेवेच्या वर्गवारीत येतं.

रोखठोक
माझा तत्त्वालाच विरोध आहे. सरकारी शाळेची वीज भरणं सरकारचं काम. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान तुमच्या पटाला वर्षाला २५,००० बसतं. त्यात खडू, रंग, झाडू, दुरुस्ती आणि वीजबिलही. ते सुद्धा वर्ष संपता संपता हातात येतं. या प्रश्नावर बोंब मारायची सोडून आपण छपरावर काच बसवून घेतोय. टीव्ही वर्गणीतून, रंग वर्गणीतून, आता वीज दानातून. उद्या मास्तरही सीएसआरमधून आणा. एकदा 'गाव करतंय' म्हटलं की सरकारचं बजेटमधलं ते पान कायमचं कोरं राहतं.

माणदेशी_पालक
रोखठोक साहेब, तुमचं पटतं. पण माझी मुलगी यंदा तिसरीत आहे. सरकारला जाग येईस्तोवर ती दहावी होईल. मोर्चा काढायचा तर मी येतो, पण तोवर पंखा फिरला तर बिघडतं कुठं?

रोखठोक
पंखा फिरला की मोर्चाला कुणी येत नाही, तिथंच बिघडतं.

खडू_फळा
मी शिक्षिका आहे. आधीच्या शाळेत असंच दानातलं सोलर होतं, बॅटरीवालं. उद्‌घाटनाला फेटे, नारळ, पेपरात फोटो. दोन वर्षं झकास चाललं. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं असतं हे देणाऱ्यानं सांगितलं होतं की नाही देव जाणे. ज्यांना माहीत होतं त्या सरांची बदली झाली. चौथ्या वर्षी बॅटऱ्या फुगल्या. नव्या घ्यायला तीस-पस्तीस हजार कुठून आणायचे? पॅनल अजून वर आहे, २५ वर्षं टिकेल म्हणतात. सध्या त्याच्या सावलीत पोषण आहाराच्या ताई मिरच्या वाळवायला... म्हणजे सावलीत स्वतः बसतात, मिरच्या उन्हात. सांगायचं एवढंच की बसवणारे पुष्कळ भेटतात, पाचव्या वर्षी फोन उचलणारा भेटत नाही. देखभालीचा करार लेखी नसेल तर माझ्याकडून ठाम नाही.

संस्थेचा_सेक्रेटरी
दोन खोल्यांच्या शाळेवरून सगळ्याच शाळांना नको म्हणू नका. आमचं नाशिकजवळ अनुदानित माध्यमिक विद्यालय आहे. वीसेक वर्ग, संगणक कक्ष, बोअरची मोटर. २० किलोवॉट बसवलं, ऑन-ग्रिड, नेट मीटर (तारेतून घेतलेली आणि तारेत दिलेली वीज दोन्ही मोजणारं). साधारण २,००० चौरस फूट बिनसावलीची गच्ची लागली. आमची गरज दिवसाची, ऊनही दिवसाचं. दुकानाला किंवा घराला हे असं जुळत नाही. मे महिन्यात शाळा बंद, तेव्हा सगळी वीज तारेत जाते आणि युनिट खात्यावर जमा होतात. हिशेब ३१ मार्चला मिटतो, त्यामुळे मेमधली शिल्लक पावसाळ्यात वापरायला अख्खं वर्ष पडलेलं असतं. मार्चला उरलेल्या युनिटांना मात्र बिलाच्या दरापेक्षा कमी भाव मिळतो, म्हणून गरजेपेक्षा मोठं बसवण्यात अर्थ नाही. इथं वायरमन काकांशी मी सहमत.

फोडणी म्हणून सांगतो, दर पंधरा दिवसांनी पॅनल पुसायची पाळी नववीच्या वर्गाची होती. एका पालकानं तक्रार केली, 'पोरांना गच्चीवर चढवता?' बरोबरच होतं. आता शिपाई पुसतो आणि नववीतली मुलं खाली मीटरचं रीडिंग वहीत लिहितात. प्रयोगशाळेत नाही अशी गोष्ट फुकटात शिकतायत.

श्रीवर्धनकर
आमच्याकडचं ऐका. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. पत्रे, कौलं, पोफळी, सगळं आडवं. वीज यायला आठवड्यामागून आठवडे गेले. मोबाईल चार्ज करायला लोक मैल मैल चालत होते. तेव्हा गावात बॅटरीवाल्या सोलरचा एक पंप आणि चार दिवे असते तर शाळा म्हणजे निवारा झाला असता. म्हणून मी म्हणेन, बिलाचा हिशेब बाजूला ठेवा, शाळेला थोडं तरी बॅटरीवालं हवंच. पण कौलांवर किंवा जुन्या पत्र्यांवर सांगाडा ठोकू नका. वारा पॅनल नेत नाही, पॅनलसकट छप्पर नेतो.

रोखठोक
म्हणजे आता शाळेनं आपत्ती निवारणही करायचं.

श्रीवर्धनकर
करतेच की. मतदान तिथंच, लसीकरण तिथंच, पुरातली माणसं तिथंच.

धानपट्टीतला_गुरुजी
गोंदियाकडून. सगळं बरोबर बोलून राहिले तुम्ही, पण वानरांचा विषय कोणी काढलाच नाही. आमच्या स्लॅबवर टोळी उतरली की पॅनलवरून घसरगुंडी. दोन काचा तडकल्या. जाळी लावा तर सावली पडते, सावली पडली की वीज घटते. तुमच्या माणात वानरं नसतील तर नशीबवान आहात.

माणदेशी_पालक
वानरं नाहीत, मोर आहेत, ते बसले तर बसू देत. स्लॅब १९९८ चा आहे, पावसात एका कोपऱ्यात गळतो. हे मी आधी लिहायला हवं होतं.

शनिवारी कंपनीच्या माणसासमोर असं ठेवणार आहे: ३ नको, १ किलोवॉट द्या पण बॅटरीसकट, वाचलेल्या पैशात स्लॅबचं वॉटरप्रूफिंग करा आणि पाच वर्षांची देखभाल लेखी द्या. स्थिर आकार ग्रामपंचायतीनं भरावा असा ठराव मांडतो. 'नाही' म्हणाले तर काय करायचं ते अजून ठरत नाहीये.

खडू_फळा
बॅटरीत पाणी कोण घालणार, त्याचं नावही ठरावात घाला. गुरुजींचं नको, त्यांची बदली होईल.

रोखठोक
आणि ग्रामपंचायत नाही म्हणाली तर मोर्चाला मी येतो. पंखा बंद असेल तेव्हाच.