मदत हवी आहे : छोटा टिपर घेऊ की ट्रॅक्टरला डंपिंग ट्रॉली?

मंडळी सल्ला हवाय, पुण्यात धायरीत बांधकामाची छोटी कामं घेतो, क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) आणि खडी आणणं आणि राडारोडा उचलणं सगळं भाड्याच्या गाडीवर चाललंय. आता छोटा टिपर घ्यावा का घरच्याच ट्रॅक्टरला हायड्रॉलिक ट्रॉली? ट्रॉली स्वस्त पडते, वेगळं इंजिन सांभाळायला नको, पण ट्रॅक्टर शेतीच्या पासिंगचा, धंद्याला वापरायचा तर आरटीओचं बघावं लागणार आणि एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, क्रश सँड चार टनांच्या वर जाते, एवढा लोड नऱ्ह्याच्या उतारावर मागून ढकलायला लागला की ब्रेक धरतील का? पेठेतल्या बोळात ट्रॉली रिव्हर्स घेणं तर विचारूच नका. टिपर मला बरा वाटतो पण हप्ता, इन्शुरन्स आलाच ना. दोन्ही वापरलेल्यांनी सांगा, टायर आणि डिझेलला जास्त कोण खातं?