नोंद सगळ्याची राहते, मग जाब कोणालाच का विचारला जात नाही?

आडवाट

डिजिटल माध्यमांनी नेतृत्वाचे काय केले, ही चर्चा बहुधा प्रसाराच्या वेगापाशी येऊन थांबते. मला वेगाविषयी फारसे म्हणायचे नाही. ज्याच्या सांगण्यावरून इतर माणसे जोखीम पत्करतात तो नेता, आणि सल्लागार हा त्याचाच लहान अवतार, असे मी धरून चालतो. या दोघांवरचा विश्वास पूर्वी ज्या आधारावर उभा असे, तो आधार साधा होता: त्यांनी यापूर्वी काय सांगितले होते आणि पुढे त्याचे काय झाले, हे ऐकणाऱ्यांना आठवत असे. ही आठवण अचूक नसे, पुष्कळदा ती अन्यायकारकही असे, परंतु ती सामायिक असे, आणि सल्ला देणाऱ्याला तिची जाणीव असे.

डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात मांडले की एकत्र राहणारी किंवा एकत्र काम करणारी माणसे स्मरणाची आपसांत वाटणी करून घेतात. प्रत्येकाला सारे ठाऊक असण्याची गरज नसते, कोणाला काय ठाऊक आहे एवढे माहीत असले की पुरते. मला वाटते, या वाटणीत ‘कोणाला काय कळते’ याच्या जोडीला ‘कोणाचे ऐकून आपण फसलो’ हेही जपले जात असे. डिजिटल माध्यमाने यातील पहिली बाजू अफाट वाढवली आणि दुसरी जवळजवळ पुसून टाकली. उच्चारलेले प्रत्येक वाक्य साठवले जाते हे खरे; पण समोर काय यावे हे नवेपणावर आणि प्रतिसादावर ठरते, त्यामुळे साठवलेले आपणहून कधी समोर येत नाही. एखाद्याने ठामपणे सुचवलेली गुंतवणूक बुडाली किंवा त्याच्या आहारपद्धतीने अपाय झाला, तरी त्याचा आजचा व्हिडिओ पाहणाऱ्यांमध्ये नव्यानेच आलेली माणसे पुष्कळ असतात. जे फसले ते निमूटपणे निघून गेलेले असतात, आणि ते का गेले याची खूण कोठेही उरत नाही. अनुयायी किती जमले हे ठळक अक्षरांत दिसते. किती जण पोळून परतले, हे दाखवणारा आकडा कोणत्याही पानावर नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की आजचा नेता लोकप्रिय असतो, परंतु तो कोणाला बांधील नसतो. आणि यात दोष त्याच्या स्वभावाचा कमी, माध्यमाच्या रचनेचा अधिक आहे.

साशंक

आपण रंगवलेली सामायिक आठवण प्रत्यक्षात कधी होती, याची मला शंका आहे. वडीलधाऱ्यांचा, पुढाऱ्यांचा, तज्ज्ञांचा सल्ला चुकला हे सर्वांना ठाऊक असे; ते तोंडावर सांगण्याची प्राज्ञा मात्र फार थोड्यांची असे. आठवण आणि जाब या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामध्ये सत्ता उभी असते.

मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी १९८०च्या दशकापासून सुमारे वीस वर्षे २८४ तज्ज्ञांची राजकीय आणि आर्थिक भाकिते टिपून ठेवली आणि २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या तज्ज्ञांना माध्यमांत अधिक मागणी होती, त्यांची भाकिते इतरांपेक्षा कमी अचूक निघाली. हा अभ्यास मुख्यतः वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी यांच्या काळातला आहे, हे कृपया लक्षात घ्यावे. चुकीचे सांगूनही पुन्हा पुन्हा बोलावले जाण्याची सोय डिजिटल माध्यमाने शोधून काढलेली नाही. ती त्याला वारशाने मिळाली.

उलट, नोंद सर्वांसाठी खुली झाल्याने जाब विचारता येऊ लागल्याचे उदाहरण माझ्यासमोर आहे. औषधांच्या चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही अमेरिकेत २००० साली इंटरनेटवर खुली झाली. त्यानंतर वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने ठरवले की २००५च्या जुलैपासून सुरू होणाऱ्या चाचण्यांची नोंद रुग्ण घेण्यापूर्वी झालेली नसेल, तर त्यांचे निष्कर्ष छापायचे नाहीत. पूर्वी चाचणी फसली की ती फडताळात जात असे, किंवा मोजायचे ठरवले एक आणि छापले दुसरेच, असेही होत असे. आता कोणीही परका माणूस आधीची नोंद आणि नंतरचा निबंध शेजारी ठेवून तफावत दाखवू शकतो. हा तर औषधाच्या सल्ल्याचाच पाया आहे, आणि त्याची तपासणी आज परक्यांच्याही हाती आहे.

विदावाचक

दोघांच्याही लेखनात स्मरण हा शब्द बराच सैलपणे आला आहे, म्हणून थोडे तपशिलात जातो.

इंटरनेटमुळे स्मरणशक्ती घटते, या समजाला सर्वाधिक बळ २०११ साली ‘सायन्स’ या संशोधन नियतकालिकात आलेल्या बेट्सी स्पॅरो, जेनी लियू आणि वेग्नर यांच्या निबंधाने दिले. माहिती संगणकात जतन राहणार आहे असे सांगितलेल्यांना ती स्वतःला कमी आठवली. ती कोठे ठेवली आहे हे मात्र बरे आठवले, असे त्यात होते. या निबंधाचा उल्लेख अजूनही सर्रास होतो. परंतु २०१८ साली ‘नेचर’ आणि ‘सायन्स’मधील सामाजिक शास्त्रांचे २१ प्रयोग पुन्हा करून पाहण्यात आले, तेव्हा या निबंधातील तपासलेला प्रयोग जुळला नाही. २१ पैकी जुळले १३. तेव्हा ‘यंत्राने आपली आठवण खाल्ली’ हे विधान जपून करावे. मॅथ्यू फिशर आणि सहकाऱ्यांचा २०१५ सालचा निष्कर्ष मला या चर्चेच्या अधिक जवळचा वाटतो: इंटरनेटवर उत्तरे शोधल्यानंतर माणसे, त्या शोधाशी संबंध नसलेल्या विषयांतही, आपल्याला पुष्कळ कळते असे समजू लागतात. म्हणजे बिघाड स्मरणात असो वा नसो, स्वतःच्या ज्ञानाच्या अंदाजात आहे; आणि ज्याला आपल्याला कळते असे वाटते, तो सल्लागाराला प्रश्न विचारत नाही, आपल्याच मताला दुजोरा देणारा सल्लागार निवडतो.

आता अनुयायित्वाकडे. येथे आडवाट यांच्या बाजूने पुरावा बराच भक्कम आहे. सालगानिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी २००६ साली १४,००० हून अधिक लोकांना अपरिचित गाणी ऐकवली. काहींना इतरांनी किती वेळा कोणते गाणे उतरवून घेतले (डाउनलोड केले) हे दिसत होते, काहींना नव्हते. आणि ज्यांना दिसत होते त्यांचे एकमेकांपासून वेगळे आठ गट होते. आकडे दिसणाऱ्या गटांत यशाची दरी रुंदावली, आणि गंमत अशी की कोणते गाणे वर जाईल हे प्रत्येक गटात निराळे ठरले. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी सुमार सहसा वर आली नाहीत. मधल्या साऱ्यांचे भवितव्य मात्र सुरुवातीच्या काही जणांच्या हाती राहिले. मुचनिक, अरल आणि टेलर यांनी २०१३ साली याच्याही पुढे जाऊन एका बातम्यांच्या संकेतस्थळावरील वाचकांच्या अभिप्रायांना, प्रकाशित होताच, यादृच्छिकपणे एकेक अनुकूल किंवा प्रतिकूल मत देऊन पाहिले. या एका कृत्रिम अनुकूल मताने अभिप्रायाचे अंतिम गुणांकन सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. प्रतिकूल मताचा परिणाम मात्र पुढच्या वाचकांनी भरून काढला. समूह नाहक निंदा दुरुस्त करतो, नाहक स्तुती दुरुस्त करत नाही. नेतृत्वाविषयी याहून अस्वस्थ करणारा निष्कर्ष माझ्या वाचनात क्वचितच आला आहे, कारण वरच्या पायरीवर उभा असलेला माणूस तेथे गुणांमुळे पोहोचला की पहिल्या चार हातांमुळे, हे खालून पाहणाऱ्याला कळण्याचा मार्गच राहत नाही.

एक किरकोळ दुरुस्ती शीर्षकाला. नोंद सगळ्याची राहते हेही खरे नाही. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राच्या २०२४ सालच्या अहवालात २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने नाहीशी झालेली आढळली.

अर्धविराम

आतापर्यंतचे सारे प्रतिसाद सल्ल्याभोवती फिरले. नेतृत्व बाजूलाच राहिले. नेत्यावरचा विश्वास त्याच्या पूर्वेतिहासाच्या आठवणीवर उभा असतो, या आडवाट यांच्या मूळ गृहीतकालाच माझा विरोध आहे. पोलिसांच्या मारहाणीत मरण पावलेल्या खालेद सईद या तरुणाच्या नावाने इजिप्तमध्ये २०१०च्या जूनमध्ये जे फेसबुक पान सुरू झाले, ते वाएल गोनीम चालवत होते, हे त्या वेळी जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हते. चालकाला नाव नव्हते, चेहरा नव्हता, पूर्वेतिहास नव्हता. तरीही लाखो लोक त्या पानाशी जोडले गेले आणि २५ जानेवारी २०११च्या आवाहनानंतर प्रत्यक्ष रस्त्यावर उतरले. त्यांनी विश्वास कोणावर ठेवला? माझ्या मते, एकमेकांच्या उपस्थितीवर. आपल्यासारखेच आणखी किती जण आहेत हे दिसणे, हीच तेथे नेतृत्वाची जागा घेणारी गोष्ट होती.

आणि त्याची किंमतही तेथेच दिसली. ११ फेब्रुवारीला इजिप्तचे अध्यक्ष मुबारक पायउतार झाले. त्यानंतर वाटाघाटीला कोणी बसायचे, काय मागायचे, काय सोडायचे, हे ठरवणारी यंत्रणा त्या तरुणांकडे नव्हती. २०१२ साली अध्यक्षपदाची अंतिम लढत जुन्या राजवटीच्या शेवटच्या काळातील पंतप्रधान आणि मुस्लिम ब्रदरहुडचा उमेदवार यांच्यात झाली. म्हणजे ज्यांच्याकडे आधीपासून संघटना होती, त्यांच्यात. याच्या शेजारी अमेरिकेतील मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसमधील वर्णभेदाविरुद्ध केलेला बसबहिष्कार ठेवून पाहा. तो १९५५च्या डिसेंबरपासून ३८१ दिवस चालला. तेथील प्राध्यापिका जो अॅन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो पत्रके रातोरात छापून वाटली, पुढे खाजगी गाड्यांच्या फेऱ्या कोणत्या वेळी, कोठून, कोणाला घेऊन जाणार, याचे वेळापत्रक वर्षभर सांभाळले गेले. आज ते पत्रक क्षणात सर्वांपर्यंत पोहोचेल, वेळापत्रकही यंत्र बनवील. परंतु कोण शब्द पाळतो, कोण दमत नाही, कोणाशी भांडण झाले तरी काम अडत नाही, हे त्या कंटाळवाण्या कामातच कळत गेले होते, आणि तडजोडीची वेळ आल्यावर कोणाचा शब्द मानायचा हेही त्यातूनच ठरले होते. समाजशास्त्रज्ञ झेनेप तुफेकी यांनी हा मुद्दा विस्ताराने मांडला आहे. माध्यमाने आपले श्रम वाचवले, आणि त्या श्रमांतून नकळत होणारी माणसांची पारखही थांबवली.

परखड

आपण सर्व अजून माणसांविषयीच बोलत आहात, याचे मला नवल वाटते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी खुले झाल्यापासून सल्ला विचारण्याची पहिली जागाच पुष्कळांसाठी बदलली आहे. तेथे अनुयायांची संख्या नाही, लोकप्रियतेची पायरी नाही, कोणाचा वरचष्मा नाही. तुम्ही ज्या ज्या दोषाला नावे ठेवलीत, तो तेथे नाही. मग विश्वासाचा प्रश्न सुटला म्हणायचे का?

आडवाट

परखड, प्रश्न सुटलेला नाही, अधिक बिकट झाला आहे. मी ज्या सामायिक आठवणीविषयी लिहिले, तिला किमान एक अट असते: दोन माणसांनी तोच सल्ला ऐकलेला असला पाहिजे. व्हिडिओतील सल्लागार निदान सर्वांना एकच वाक्य सांगतो. यंत्र प्रत्येकाला त्याच्या प्रश्नाच्या शब्दरचनेनुसार निराळे उत्तर देते, तेही खाजगीत. तुम्हाला चुकीचे सांगितले गेले हे मला कळणार नाही, आणि कळले तरी मला तेच सांगितले जाईल की नाही, याचा त्यावरून अंदाज येणार नाही. फसलेल्यांचा समूहच तयार होत नाही.

साशंक यांच्या नोंदवहीविषयी. ते उदाहरण मला मान्य आहे. त्यातून ते काढत असलेला निष्कर्ष नाही. त्या नोंदवहीत दावा आधी, ठरावीक स्वरूपात, तारखेसह लिहावा लागतो, आणि न लिहिल्यास निबंध नाकारणारा संपादक दाराशी उभा असतो. तो संपादक वगळा, म्हणजे कोणीही न चाळणारी एक प्रचंड वही तेवढी शिल्लक राहील. आपल्या रोजच्या माध्यमात दाराशी कोणीच नाही. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये यूट्यूबने नापसंतीचा आकडा प्रेक्षकांपासून लपवला. लहान निर्मात्यांवर ठरवून होणारे हल्ले थांबावेत, हे कारण देण्यात आले, आणि ते अगदीच निराधार नसावे. परंतु आधीच्या प्रेक्षकाने पुढच्याला दिलेला तो एक मुका इशाराही त्यामुळे गेला.

अर्धविराम यांचे इजिप्तचे उदाहरण मला माझ्या विरोधात जाताना दिसत नाही. एकमेकांच्या उपस्थितीवरचा विश्वास माणसांना चौकात आणायला पुरला, तडजोडीच्या मेजावर कोणाला पाठवायचे हे ठरवायला पुरला नाही, आणि पूर्वेतिहासाची गरज लागते ती नेमकी त्या दुसऱ्या कामाला.

साशंक

दाराशी माणूस हवा, हे मी मान्य करतो, आणि तेथूनच माझा पुढचा आक्षेप सुरू होतो. प्रत्येक सल्लागाराच्या पानावर त्याचे जुने दावे आणि त्यांचे पुढे काय झाले हे तारखेसह दाखवावे, अशी व्यवस्था उद्या झालीच, तर कोणता दावा फसला हे कोण ठरवणार? औषधाच्या चाचणीत मोजमाप आधीच ठरलेले असते. ‘कष्ट करा, यश मिळेल’ या सल्ल्याचे मोजमाप कसे करणार? ज्यांचे दावे मोजता येण्याइतके स्पष्ट असतील ते प्रामाणिक लोक पहिल्यांदा पकडले जातील, आणि धूसर बोलणारे सहीसलामत सुटतील. टेटलॉक यांनीही आपल्या तज्ज्ञांना आकड्यांत शक्यता सांगायला लावल्या होत्या, म्हणूनच त्यांना गुण देता आले.

शिवाय या जाबाला मुदत असावी की नाही? युरोपीय न्यायालयाने २०१४च्या मे महिन्यात गूगलविरुद्धच्या खटल्यात निर्णय दिला की कालबाह्य झालेली माहिती आपल्या नावाच्या शोधातून काढून टाकण्याची मागणी व्यक्तीला करता येईल. सार्वजनिक जीवनातील व्यक्तींबाबत मात्र लोकांच्या माहितीच्या गरजेचे पारडे जड ठरू शकते. आता ज्याच्या मागे काही लाख अनुयायी आहेत, परंतु ज्याच्याकडे कोणतेही पद नाही, अशा सल्लागाराला यांपैकी कोणत्या बाजूला बसवायचे? आडवाट त्याला नेता म्हणतात. तो स्वतः म्हणेल की मी केवळ माझा अनुभव सांगितला, कोणाला मागे या म्हटले नव्हते. या उत्तराला आपल्याकडे काय प्रत्युत्तर आहे, हे वाचायला मला आवडेल.